ज्येष्ठातली अमावास्या

लखनौला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. नवरा रेल्वेत इंजिनियर, राहायला आलमबागेत क्वार्टर, आणि मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.ला नाव घातलेली बाई. विषय, साथींच्या काळातलं लखनौ. हा विषय मी हौसेने घेतला असं लोकांना सांगते. खरी गोष्ट अशी की नवऱ्याच्या बदलीपायी माझी नाशिकची कॉलेजातली नोकरी सुटली, मुलगी मोठी झाल्यावर घरात माझी गरज चहापुरती उरली, आणि काहीतरी करायला हवं होतं. ते काहीतरी अजून चालूच आहे. आता मला त्याचा कंटाळा येतो आणि सोडवतही नाही.

मी ज्या ग्रंथालयात जाते त्याचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी मला सांभाळून घेतलं आहे, आणि जे चुकलं ते माझं चुकलं. इमारत जुनी, छत उंच, हिवाळ्यात आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. विषयवार सूची आहे, लाकडी खणांत कार्डं लावलेली, पण तिच्या भरवशावर राहिलात तर जन्मभर हात हलवत परत याल. प्लेग शोधायला मी 'रोग' या खणात वर्षभर डोकं घातलं. प्लेग निघाला 'नगर-सफाई'त, आणि उरलेला 'विविध'मध्ये. पुस्तकं विषयाप्रमाणे नाहीतच, ती ज्यांनी दान दिली त्यांच्या अलमाऱ्यांप्रमाणे आहेत. कुठल्या घराण्याला काय वाचायची आवड होती हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. ते कुणी शिकवत नाही. रोज जाऊन बसायचं, धूळ खायची, की हळूहळू कळत जातं.

तिथे एक सहायक आहेत, निवृत्तीला आलेले. त्यांना सगळे बाबूजी म्हणतात, मीही म्हणते. मागणीची चिठ्ठी भरून दिली की ते चष्मा कपाळावर ढकलून ती वाचतात, आणि दहातल्या सहा वेळा म्हणतात, "बाइंडिंग में है, मैडम." बांधणीला गेलेलं पुस्तक कधी येईल हे विचारायचं नसतं. मी पहिल्या वर्षी विचारायची. त्यांना वाईट वाटायचं, मलाही वाटायचं, आणि पुस्तक काही यायचं नाही.

याच कामातून मला आजी भेटल्या. सख्ख्या नव्हेत. इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत कुणीतरी ओळख करून दिली. वय चौऱ्याऐंशी, जन्म लखनौचाच, राहायला वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत नातवाकडे. मराठी आमच्या नाशिककडचं, पण मधे मधे हिंदीचे खडे. नातू बँकेत. त्याला मराठी कळतं, बोलतो हिंदीतून. माझी मुलगीही तशीच, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही.

मी साथींवर काम करते हे कळल्यावर आजींनी माझा हात धरला आणि मांडवातल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. म्हणाल्या, "बेटा, माझं एक काम करशील? माझे आजोबा पळाले होते का, तेवढं मला शोधून दे."

त्यांचे आजोबा तरुणपणी कंपाउंडर म्हणून लखनौला आले होते. प्लेग आला तेव्हा शहराबाहेर रोग्यांची छावणी घातली होती, तिथे त्यांची नेमणूक झाली. आणि उन्हाळ्यात एक दिवस ते काही न कळवता गावी, नाशिकजवळच्या घरी, येऊन उभे राहिले. थोरल्या भावाने विचारलं, छावणी संपली का? ते काही बोलले नाहीत. स्वभावच तसा, म्हणे, विचारलं की तोंड मिटायचे. मग गावात झालं की हा रोग्यांना टाकून पळून आला. थोरल्या भावाने तसं एका नातेवाइकाला पत्रही लिहिलं. आजोबा महिनाभराने लखनौला परतले ते पुन्हा कधी गावी गेले नाहीत. आजींचं सगळं कुटुंब इथलं झालं ते असं.

पुढे ही गोष्ट दोन पिढ्या मिटली नाही. त्या थोरल्या भावाचा नातू, म्हणजे आजींचा चुलतभाऊ, वयाने त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. लहानपणी एकमेकांना पत्रं लिहायचे. एका लग्नात पंगतीला बसल्या बसल्या तो चेष्टेत म्हणाला, "तुमच्याकडे पळायची परंपराच आहे." आजी भरल्या ताटावरून उठल्या. तेव्हापासून बोलणं बंद. "चाळीस एक वर्षं झाली," आजी म्हणाल्या, "आता त्याला पण कमी दिसतं, मला पण. खरं काय ते कळू दे. माझं खरं असेल तर त्याने कबूल करावं. त्याचं असेल तर मी करेन. असं मधे लटकून मरायचं नाही मला."

त्यांच्याकडे ते पत्र होतं. नातेवाइकाच्या घरातून फिरत फिरत आलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं. थोरल्या भावाने लिहिलं होतं की धाकटा ज्येष्ठ शुद्ध पंचमीस घरी पोहोचला. साल होतं, तिथी होती. आता मला फक्त छावणी कधी बंद झाली ते शोधायचं होतं. छावणी आधी बंद झाली असेल तर आजोबा काम संपवून आले. नंतर झाली असेल तर पळाले.

ऐकायला सोपं वाटतं. मला दीड वर्ष लागलं.

सरकारी अहवालात छावणीला एक ओळ होती आणि तीत तारीख नव्हती. नगरपालिकेची त्या वर्षाची फाइल कुठेच नव्हती, म्हणजे सूचीत होती आणि जागेवर नव्हती. इंग्रजी वृत्तपत्रं रोग्यांपेक्षा साहेबांच्या खेळांबद्दल जास्त लिहीत. शेवटी एका घराण्याच्या अलमारीत, धार्मिक मासिकांच्या गठ्ठ्याखाली, त्या काळच्या एका हिंदी साप्ताहिकाचा बांधीव खंड मिळाला. सूचीत तो 'भजन व स्तोत्रे' या नावाखाली होता, कारण गठ्ठ्यात वरती तीच होती.

डिसेंबर संपत आलेला. धुकं इतकं की मेट्रोतून बाहेर काही दिसत नव्हतं. वाचनकक्षात मी बोटं कापलेले हातमोजे घालून पानं उलटत होते, आणि पानं अशी की उलटताना कडेचा चुरा मांडीवर पडायचा. चौथ्या दिवशी ती बातमी सापडली. चार ओळींची. रोगियों की छावनी जेठ बदी अमावस को उठा दी गई और कर्मचारी विदा किए गए.

अंकाची इंग्रजी तारीख पाहायला गेले तर ती नव्हती. पूर्वी कधीतरी बांधणी करणाऱ्याने पानांची वरची कड सरळ करताना सगळ्या तारखा कापून टाकल्या होत्या. मग तिथीवरून तारीख काढायचं कोष्टकांचं पुस्तक मागितलं. बाबूजींनी चष्मा कपाळावर ढकलला.

"बाइंडिंग में है, मैडम."

मला हसू आलं, खरं तर रडायला यायला हवं होतं. पाय बधिर झाले होते. मार्गदर्शकांना प्रकरण पाठवायची मुदत दोन वेळा वाढवून घेतलेली, तिसऱ्यांदा मागायला तोंड नव्हतं. मी म्हटलं, कोष्टक कशाला हवंय? तिथ्या तर दोन्हीकडे आहेत. आजोबा घरी पोहोचले ज्येष्ठ शुद्ध पंचमीला. छावणी उठली ज्येष्ठातल्या अमावास्येला. शुद्ध पक्ष आधी, अमावास्या महिन्याच्या शेवटी. बोटांवर मोजलं. पंचवीस दिवस. छावणी उठायच्या पंचवीस दिवस आधी आजोबा घरी होते.

वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि घरी गेले.

दोन दिवसांनी वृंदावन योजनेत जाऊन आजींना सांगितलं. आजही मला ते माझं सांगणं आठवलं की कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं. मी हळू आवाजात बोलले, त्यांचा हात धरला, सगळं नीट केलं. म्हटलं, "आजी, मला वाईट वाटतं सांगायला, पण कागद मिळालाय. छावणी चालू होती. ते आधीच निघाले होते." वर हेही म्हटलं की त्या काळात पुष्कळ जण पळाले, भीती कुणाला वाटत नाही, त्यात कमीपणा नाही. म्हणजे निकालही दिला आणि दयाही दाखवली.

आजी म्हणाल्या, "अच्छा. म्हणजे त्याचंच खरं." आणि मला गुळाचा चहा करून दिला.

ते प्रकरण मी पाठवलं. त्यात आजोबा नव्हते, पण छावणी उठल्याची तिथी होती, आणि मार्गदर्शकांनी समासात 'उत्तम' असं लिहिलं. पुढे थंडी गेली, मुलीच्या परीक्षा झाल्या, नवऱ्याची कंबर धरली. आजींकडे जायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं नाही, मी टाळलं. ज्याला वाईट बातमी दिली त्याच्या घरी पुन्हा जायला माणूस कचरतो, दुसरं काही नाही.

मे महिन्यात एक अंगारकी आली. मी संकष्टी करते, सवयीने, श्रद्धा किती ते मोजायला जात नाही. सकाळी स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ पाहिली, साबुदाण्याची खिचडी डब्यात घेतली आणि निघाले. रस्त्यावर पावला पावलाला मांडव. कढया चढलेल्या, पुरी आणि आलू की सब्जी, सरबताची पिंपं, भोंग्यांवर हनुमानाची भजनं. लखनौत उन्हाळ्यातल्या मंगळवारी हे असतं. याला बडा मंगल म्हणतात, आणि त्या दिवशी या शहरात कुणाला उपाशी राहायची मुभा नसते. ग्रंथालयाच्या फाटकाबाहेरही कर्मचाऱ्यांनी मांडव घातला होता आणि बाबूजी स्वतः, डोक्याला रुमाल बांधून, पुऱ्या वाढत होते. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

"मैडम, आइए, प्रसाद लीजिए."

"बाबूजी, आज व्रत है मेरा. शरबत दे दीजिए."

"अरे, प्रसाद को मना नहीं करते. जेठ का पहला बड़ा मंगल है."

मी सरबताचा पेला घेतला आणि हसून म्हटलं, "जेठ कहाँ अभी, बाबूजी? हमारे यहाँ तो बैसाख ही चल रहा है."

"आपके यहाँ चलता होगा," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाच्या पत्रावळीत पुरी टाकली. "यहाँ तो पूनम को बैसाख गया. चार दिन से जेठ है."

पेला माझ्या हातातच राहिला. आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. चांदणा पंधरवडा दोघांचाही एकाच महिन्याचा, पण अंधाऱ्या पंधरवड्याला इथे पुढच्या महिन्याचं नाव. आपली वैशाखातली अमावास्या, ती इथली जेठ बदी अमावस. तिच्या दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा. मग पाचव्या दिवशी पंचमी.

छावणी उठली, कर्मचाऱ्यांना निरोप दिला, आणि पाचव्या दिवशी आजोबा घरी पोहोचले. लखनौहून नाशिकजवळच्या त्या गावी तेव्हा जेवढा वेळ लागायचा, जवळपास तेवढाच.

मला हे माहीत नव्हतं असं नाही, आणि मला स्वतःचा राग येतो तो त्याचाच. एम.ए.ला यावर प्रश्न यायचा, मी लिहिलेला आहे. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात 'उत्तरेतील मासगणना' म्हणून एक परिच्छेद आहे, मीच लिहिलेला. शेजारीण दर वर्षी जेठातल्या अमावसेला वडाची पूजा करते आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी, पौर्णिमेला, मी करते. नऊ वर्षं आम्ही दोघी यावरून एकमेकींना हसतो आहोत. एवढं सगळं माहीत असून, त्या थंडीत बोटांवर मोजायला बसले तेव्हा मी मोजलं ते नाशिकच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर. पुस्तकातलं ज्ञान वहीत होतं, बोटांत आईची सवय होती.

आत जाऊन चिठ्ठी भरली. मांडवामुळे चिठ्ठी घ्यायलाच कुणी नव्हतं. दीड तास थांबले. बाबूजी हात पुसत आले, खंड काढून दिला आणि म्हणाले की कोष्टकांचं पुस्तक बांधून आलंय, हवं का? मी मान हलवली. कोष्टकाने तेच सांगितलं. पण त्याचीसुद्धा गरज नव्हती. त्या बातमीपासून मी दोनच अंक पुढे उलटले, तर तिथे गंगा दसऱ्याच्या मेळ्याची बातमी होती. गंगा दसरा म्हणजे ज्येष्ठ शुद्ध दशमी. छावणी आपल्या ज्येष्ठातल्या अमावास्येला उठली असती तर ती बातमी मेळ्याच्या नंतर आली असती. डिसेंबरात मी आठ-दहा पानं आणखी उलटली असती तर सगळं तिथेच कळलं असतं. मला पाहिजे ते सापडलं होतं, म्हणून मी खंड मिटला होता.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मग चांगलंच झालं की. आजींना आनंद होईल." इंजिनियर लोकांचं असं असतं, दुरुस्ती झाली की विषय संपला. मीही रिक्षात बसल्या बसल्या तसंच वाटून घेण्याचा प्रयत्न केला. गरम वारा तोंडावर येत होता, डब्यातली खिचडी तशीच होती. चांगली बातमी घेऊन जातेय असं मी स्वतःला तीन वेळा सांगितलं.

आजी कूलरसमोर बसल्या होत्या. थंडीत पाहिलं होतं त्यापेक्षा लहान झाल्यासारख्या दिसल्या. "इतक्या महिन्यांनी आठवण झाली का गं?" म्हणाल्या, आणि नातसुनेला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी संपेपर्यंतही थांबले नाही. महिन्यांचं सगळं समजावलं. पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं नाही, दुसऱ्यांदा आलं. जन्म इथला, त्यामुळे जेठ कधी लागतो हे त्यांना माझ्यापेक्षा बरं माहीत होतं. हिशोब न करता त्या म्हणाल्या, "हां, मग जेठ अमावसेनंतर पाचव्या दिवशी. म्हणजे छावणी उठल्यावर."

"हो आजी, उठल्यावर."

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पदराने पुसला. मला वाटलं, रडतील. रडल्या नाहीत.

मी घाईने पुढे म्हटलं, "आता यावरून ते अगदी शेवटच्या दिवसापर्यंत छावणीत होते असं काही सिद्ध होत नाही. बातमीत त्यांचं नाव नाही. आधी निघून वाटेत कुठे थांबलेही असतील. तसं नक्की नाही म्हणता येत. पण पळाले असं म्हणायला आता काही आधार नाही, एवढं खरं."

"तू सांगून गेलीस ना," आजी म्हणाल्या, "त्याच संध्याकाळी मी त्याला फोन लावला. नातवाने नंबर काढून दिला. चाळीस वर्षांनी. लहानपणीसारखं बाळू-बिळू काही म्हटलं नाही, सरळ म्हटलं, तुझंच खरं होतं रे, माझे आजोबा पळाले होते, एका शिकलेल्या बाईने कागद पाहिलाय. तर तो कितीतरी वेळ बोलेचना. मला वाटलं फोन कट झाला."

"मग?"

"मग म्हणाला, ताई, मला वाटायचं तुझं खरं निघावं. मी उगाच बोललो होतो तेव्हा, पंगतीत. घरी ऐकलेलं बोलून गेलो. नंतर वाटायचं, हिचं खरं निघालं तर बरं, मला माफी मागता येईल." आजींनी चष्मा परत लावला. "आता माफी कशाची मागणार? त्याचं खरं ठरलं होतं ना. दोघं मग इकडचं तिकडचं बोललो. पौषात गेला तो. झोपेत."

मी म्हटलं, त्यांच्या मुलाशी बोलते, सगळं समजावून सांगते, लिहून पाठवते.

"मुलाला काय पडलंय त्याचं? तो पुण्यात कंपनीत आहे. त्याला आजोबाच धड माहीत नसतील, पणजोबाचा भाऊ कुठून?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्या दमलेल्या होत्या. थोड्या वेळाने माझ्याकडे नीट पाहून त्या म्हणाल्या, "एक विचारू? आत्ता तू म्हणालीस ना, नक्की नाही म्हणता येत. हे तुझं नक्की नाही, त्या दिवशी कुठे होतं गं?"

मला सांगता आलं असतं की पुस्तक बांधणीला गेलं होतं, थंडी होती, मुदत होती. सगळं खरं होतं.

"चुकलं माझं, आजी," मी म्हटलं.

"हो," त्या म्हणाल्या. "चुकलं."